दहावीनंतर कोणती शाखा? निर्णय जूनचा, तयारी आठवीपासूनची

मे महिन्यात दहावीचा निकाल लागतो आणि पुढचे पंधरा दिवस आपल्या मोहल्ल्यांत दुसरा विषय नसतो. भुसावळचा खडका रोड असो की जाम मोहल्ला, लग्नाचा दस्तरखान असो की मशिदीबाहेरचा कट्टा, पहिला प्रश्न "किती पडले?" आणि दुसरा "आता काय घेणार?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलगा देतो. दुसऱ्याचे मात्र मामू देतात, शेजारचे चाचा देतात, गेल्या वर्षी ज्याच्या मुलाने प्रवेश घेतला तो देतो. मुलगा नुसता ऐकत उभा असतो.

उत्तरही ठरलेले असते. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असेल तर सायन्स. साठ-सत्तर असतील तर कॉमर्स. त्याखाली आर्ट्स. आणि कसाबसा पास झाला असेल तर "टाका आयटीआयला." ही उतरंड कुणी लावली हे कुणाला सांगता येत नाही, पण ती इतकी पक्की आहे की ७६ टक्के मिळालेल्या मुलीने "मला आर्ट्सला जायचे आहे" म्हटले, तर घरात सुतक पडल्यासारखे होते.

आम्ही शाळेत शिकवणारे लोक ही गोष्ट दरवर्षी पाहतो आणि तिचा पुढचा भागही पाहतो, जो निकालाच्या दिवशी कुणाला दिसत नाही. चांगले गुण म्हणून सायन्सला गेलेला मुलगा अकरावीत गप्प होतो, बारावीत ४८ टक्क्यांवर येतो, नीटमध्ये त्याला शंभर-सव्वाशे गुण मिळतात. मग एक वर्ष रिपीट. मग ओळखीच्या दुकानात "तात्पुरते" काम. हा मुलगा मंद नव्हता. त्याला चुकीच्या गाडीत बसवून दिले होते आणि मधल्या स्टेशनवर उतरायची सोय आहे का, हे कुणी विचारले नव्हते.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. वीस वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवीपर्यंत पोहोचलेले शंभरात जेमतेम चार, असे त्याने दाखवून दिले. त्यानंतर आपल्या घरांत शिक्षणाची ओढ खूप वाढली आहे, अल्हम्दुलिल्लाह. आता मुलांना शाळेत पाठवा असे सांगत फिरावे लागत नाही. आताचा प्रश्न वेगळा आहे. दहावीपर्यंत आलेले मूल पुढच्या पाच वर्षांत कुठे गळते आणि का? आमच्या पाहण्यात त्याचे मोठे कारण गरिबीइतकेच घाईने घेतलेला निर्णय हेही आहे.

इस्तिखारा आणि मशवरा

आपल्या दीनने निर्णय कसा घ्यावा हे शिकवले आहे. मोठ्या कामाआधी इस्तिखारा आहे आणि आपसात मशवरा करण्याची ताकीद आहे. पण मशवरा कुणाशी करायचा? ज्याला त्या कामाची माहिती आहे त्याच्याशी. घर बांधताना आपण गवंड्याला विचारतो, हलवायाला विचारत नाही. मुलाच्या आयुष्याचा पाया घालताना मात्र जो पहिला भेटेल त्याचे ऐकतो. आणि इस्तिखारा म्हणजे चौकशी न करता चिठ्ठी टाकणे नव्हे. आधी माहिती गोळा करावी, मशवरा करावा आणि मग अल्लाहकडे खैर मागावी.

माहिती गोळा करण्यासाठी आम्ही पालकांना तीन प्रश्न सुचवतो. पहिला, मूल कुणी न सांगता कशात रमते? गणित सुटले नाही तर बेचैन होते, की बिघडलेला पंखा उघडून बसते, की वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचते, की दुकानाचा हिशेब तोंडी करते? दुसरा, या रस्त्याला एकूण किती वर्षे आणि किती पैसे लागतील? केवळ पहिल्या वर्षाची फी विचारू नका, शेवटच्या वर्षापर्यंतचे विचारा. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: अब्बूंची तब्येत बिघडली, पैसे संपले, मन लागले नाही आणि मध्येच थांबावे लागले, तर त्या क्षणी मुलाच्या हातात काय असेल?

या तिसऱ्या प्रश्नावर सगळ्या शाखा तपासून पाहू.

ज्याला आपण शेवटचे ठेवतो

सुरुवात आयटीआयपासून करू, कारण भुसावळमध्ये राहून आयटीआयला कमी लेखणे म्हणजे विहिरीपाशी बसून तहानलेले राहणे. आपले शहर मध्य रेल्वेच्या पाच विभागांपैकी एकाचे मुख्यालय आहे. येथे विद्युत इंजिनांचे शेड आहे, इंजिन दुरुस्तीचा कारखाना आहे, रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. शहराला लागून आयुध निर्माणी आहे, जवळच वरणगावला दुसरी. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. एवढ्या परिघात यंत्र, वीज आणि लोखंड यांवर चालणारी इतकी कामे खानदेशात दुसरीकडे नाहीत.

या फाटकांतून आत जायचा एक रस्ता म्हणजे अप्रेंटिस. मध्य रेल्वे अप्रेंटिसची भरती काढते, तेव्हा भुसावळ विभागासाठी वेगळ्या जागा असतात. पात्रता दहावीला किमान ५० टक्के आणि संबंधित ट्रेडचा आयटीआय. लेखी परीक्षा नसते. दहावीचे गुण आणि आयटीआयचे गुण यांच्या सरासरीवर यादी लागते. म्हणजेच "आयटीआयलाच जायचे आहे, दहावीला एवढा अभ्यास कशाला?" हे म्हणणे साफ चुकीचे आहे. दहावीत ५५ टक्के घेणारा आणि ८० टक्के घेणारा दोघेही फिटर झाले, तरी यादीत दोघांच्या नावांत फार मोठे अंतर असते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, ते विद्यावेतनासह प्रशिक्षण आहे. पण ते पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आयुध निर्माण्या २०२१ पासून सरकारी कंपन्यांकडे गेल्या आहेत. भुसावळची यंत्र इंडिया या कंपनीकडे, वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे. यंत्र इंडियाच्या अप्रेंटिस भरतीत आयटीआय झालेल्यांसाठी आणि केवळ दहावी झालेल्यांसाठी, अशा दोन्ही जागा निघतात.

असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याचा सहायक, हे अनेक मुलांचे स्वप्न असते. त्यालाही दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो. मात्र या पदाला डोळ्यांची सर्वांत कडक तपासणी असते. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी पूर्ण दिसले पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा घालवण्याचे लेसर ऑपरेशनही चालत नाही. दोन वर्षे तयारी करून शेवटी डोळ्यांवर बाद होण्यापेक्षा आधी डोळे तपासून घ्यावेत.

आता आपला तिसरा प्रश्न लावा. आयटीआयच्या दोन वर्षांनंतर थांबावे लागले तर हातात काय? इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचे प्रमाणपत्र. आणि पुढे जायचे असेल तर दार बंद नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. जळगाव आणि धुळ्याला शासकीय तंत्रनिकेतने आहेत, जळगावला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्या मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे, पण घरची परिस्थिती डळमळीत आहे, त्याच्यासाठी बारावी सायन्सपेक्षा दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा अनेकदा अधिक सुरक्षित असतो. या रस्त्यावर प्रत्येक स्टेशनवर उतरता येते.

सायन्स: दार रुंद, पण पायऱ्या मोजून घ्या

सायन्सला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याला खरी ओढ आहे त्याने जरूर जावे. पण "सायन्स म्हणजे डॉक्टर" हे समीकरण मनातून काढून टाकावे. २०२५ मध्ये देशभरात सुमारे २२ लाख मुलांनी नीट परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा, आणि त्यातल्या बऱ्याच जागांची फी आपल्याला परवडणारी नाही.

मग कुणीतरी परदेशातील एमबीबीएसची जाहिरात घेऊन येते. शेत विकून, दागिने मोडून मुले पाठवली जातात. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे: परदेशी जायलाही नीट पात्रता लागते आणि परत आल्यावर भारतात प्रॅक्टिस करण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा शंभरात वीस-पंचवीसच राहिले आहे. एजंट प्रवेशाची हमी देतो, या परीक्षेची देत नाही.

सायन्समध्ये राहून रुग्णसेवा करायची असेल तर इतर रस्ते आहेत: नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे आणि रेडिऑलॉजी, फिजिओथेरपी. उर्दू शिकलेल्या मुलांसाठी युनानीची पदवी, म्हणजे बीयूएमएस, हा एक चांगला मार्ग आहे. त्याला नीट लागते, पण दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय असलेल्यांना भाषेची वेगळी अट उरत नाही. जळगावला इकरा एज्युकेशन सोसायटीचे आणि अक्कलकुव्याला जामियाचे युनानी महाविद्यालय आहे.

अक्कलकुव्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९ च्या सुमारास एक मदरसा सुरू केला. पुढे त्याच संस्थेने फार्मसी, युनानी आणि तांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये उभी केली आणि जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयही काढले. मौलानांचे २०२५ मध्ये निधन झाले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. दीनी तालीम आणि दुनियवी तालीम एकाच आवारात नांदू शकतात, हे त्यांनी आपल्या खानदेशातच दाखवले. त्यामुळे "हाफिज मुलगा पुढे काय करणार?" या प्रश्नाने खचून जायचे कारण नाही. हिफ्ज करता करता दहावीची परीक्षा देणारी मुले आज आहेत, आणि दहावीचे ते एक गुणपत्रक त्यांना आयटीआयपासून युनानीपर्यंत सगळी दारे उघडून देते.

कॉमर्स आणि आर्ट्स: उरलेल्यांच्या शाखा नव्हेत

आपला समाज व्यापारी आहे. केळीच्या वखारी, फळांच्या गाड्या, कापड, भंगार, वाहतूक. रावेर-यावलची केळी देशभर जाते आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढा व्यवहार आपल्या डोळ्यांसमोर चालतो, पण जीएसटीचे विवरण भरायला आणि ताळेबंद करायला आपण दुसऱ्याकडे जातो. कॉमर्सला गेलेल्या मुलासाठी घरचा धंदा हीच प्रयोगशाळा आहे. ज्याची तयारी असेल त्याने चार्टर्ड अकाउंटंटचा विचार करावा. त्याच्या फाउंडेशन परीक्षेसाठी दहावीनंतरच नाव नोंदवता येते आणि बारावीनंतर परीक्षा देता येते. अभ्यास कठीण आहे, पण लाखो रुपयांची फी नाही. ते जमले नाही, तरी बी.कॉम. आणि संगणकावरील हिशेबाचे ज्ञान असलेला माणूस रिकामा बसत नाही.

आर्ट्सबद्दल तर काय सांगावे! जालना जिल्ह्यातील शेलगावचा अन्सार शेख हा रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्याने राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केले आणि २०१५ ची केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या एकविसाव्या वर्षी पार केली. राज्यशास्त्र, म्हणजे ज्याला आपण "आर्ट्सच घेतले बिचाऱ्याने" म्हणतो ते. या कहाणीची दुसरी बाजूही पाहावी. त्याच्या शिक्षणासाठी धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केले. यशाच्या बातमीत असे एक माणूस बहुधा पडद्याआड असते. आपले नियोजन असे हवे की एका मुलाच्या तालमीसाठी दुसऱ्याची बंद करावी लागू नये.

आर्ट्सनंतर वकिली आहे (बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची), डी.एल.एड. आणि बी.एड. करून शिक्षकी पेशा आहे, पत्रकारिता, समाजकार्य आणि अनुवाद आहे. उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा स्वच्छ लिहिणारा माणूस आज शोधून सापडत नाही. आपल्या मुलांना त्यातल्या दोन घरबसल्या मिळतात. पण आर्ट्सला आमचा तिसरा प्रश्न सगळ्यात जोरात लावावा लागतो. नुसती बी.ए.ची पदवी हातात घेऊन थांबले, तर काम मिळणे अवघड. म्हणून आर्ट्स घेणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच पुढचे दार ठरवावे आणि पदवीबरोबर एक कौशल्य जोडावे.

भाषेचा पूल

उर्दू माध्यमाची हुशार मुले अकरावीत का अडखळतात? बहुतेक वेळा विषय अवघड असतो म्हणून नव्हे, शब्द अनोळखी असतात म्हणून. दहावीपर्यंत जो "मुसल्लस" होता तो एका दिवसात "ट्रँगल" होतो. "ज़ाविया"चा "अँगल" होतो, "कुव्वत"चा "फोर्स" होतो, "इस्राअ"चे "ॲक्सेलरेशन" होते. मराठी माध्यमाच्या मुलाचेही त्वरण आणि अपूर्णांक असेच हरवतात. संकल्पना मुलाला येत असते, पण वर्गात शिक्षक कशाबद्दल बोलताहेत हेच कळत नाही. दोन महिने असे गेले की तो स्वतःला मठ्ठ समजू लागतो.

यावर उपाय स्वस्त आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंत दोन महिने मिळतात. एक वही करावी, तीन रकाने पाडावेत: उर्दू, मराठी, इंग्रजी. गणित आणि विज्ञानाच्या पुस्तकांतील प्रत्येक पारिभाषिक शब्द त्यात लिहावा, रोज वीस. सुटी संपेपर्यंत हजारभर शब्द होतात आणि अकरावीचे पुस्तक परके वाटत नाही. शिवाय माहीत असावे की नीट परीक्षा उर्दू आणि मराठीतूनही देता येते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर उर्दू-मराठीत मिळतात, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. रेल्वेच्या भरती परीक्षाही दोन्ही भाषांत असतात. भाषा ही अडचण आहे, भिंत नाही.

मुलींची बाब

राज्य मंडळाच्या निकालात मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात. आपल्या शाळांतही तेच चित्र आहे. पण शाखा निवडताना मुलीला विचारले जाते, "जवळ कोणते कॉलेज आहे?" तिला काय आवडते हे त्यानंतर, किंवा नाहीच. पालकांची काळजी आम्हाला समजते. सुरक्षितता, पडदा, यायची-जायची वेळ हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांवर उपाय शोधता येतात. भुसावळ ते जळगाव हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे आणि गाड्या भरपूर. घर ते कॉलेज या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत देते, मदरशाच्या विद्यार्थ्यांनाही. कॉलेजचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर चौकशी करावी. मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलींनी एकत्र अप-डाऊन केले, तर निम्मी काळजी मिटते.

फीचे म्हणाल, तर जुलै २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. अट एवढीच की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे.

यवतमाळच्या अदीबा अनम या रिक्षाचालकाच्या मुलीने पुण्यात गणितात पदवी घेतली, दिल्लीच्या जामिया मिल्लियातील मोफत निवासी केंद्रात तयारी केली आणि २०२४ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत देशात १४२ वा क्रमांक मिळवला. हा तिचा चौथा प्रयत्न होता. घरच्यांनी तीन अपयशांनंतरही "आता पुरे, लग्न कर" म्हटले नाही. आपल्या किती घरांत मुलीला दुसरा प्रयत्न तरी मिळतो? आणि एक कडू गोष्ट मुलांच्या अम्मी-अब्बूंना सांगायची आहे. शिकलेल्या मुलीला तोलामोलाचे स्थळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण तिचा इलाज मुलीचे शिक्षण थांबवणे हा नाही. तिच्या वयाच्या मुलाला दहावीनंतर गॅरेजवरून परत वर्गात आणणे हा आहे.

कागद आणि पैसा

दरवर्षी पात्र मुलांचे प्रवेश गुणांमुळे नव्हे, कागदांमुळे हुकतात. आपल्या खानदेशात नाव लिहिण्याची पद्धत "शेख अमुक शेख तमुक" अशी. शाळेत तसे, आधारवर "अमुक तमुक शेख", बँकेत फक्त "अमुक शेख". संगणकासाठी ही तीन वेगळी माणसे आहेत, मग शिष्यवृत्ती अडकते. शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी सोपी असते. नंतर राजपत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून आठवीतच सगळे कागद एकत्र ठेवून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख जुळवून पाहावी.

दुसरा कागद जातीचा. इस्लाममध्ये उच्च-नीच नाही, म्हणून अनेक घरे हा दाखला काढतच नाहीत. पण हा शासकीय सवलतीचा विषय आहे. बागवान, पिंजारी, मणियार, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. यावल, रावेर, चोपडा भागातील आपले तडवी भिल्ल बांधव अनुसूचित जमातीत आहेत. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. बहुधा तो आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला असतो आणि अनेकदा त्यावर जातीच्या जागी केवळ "मुसलमान" लिहिलेले सापडते. मग दुसऱ्या नातेवाईकांच्या नोंदी, जुनी महसुली कागदपत्रे शोधावी लागतात. याला महिने लागतात, त्यानंतर जात पडताळणी. अकरावीतच अर्ज केला तरच बारावीनंतरच्या प्रवेशाला वैधता प्रमाणपत्र हाती असते. जे कोणत्याच आरक्षणात बसत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तर सगळ्यांनाच हवे.

पैशांसाठी आठवीत असतानाच एनएमएमएस परीक्षेला मूल बसवावे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत खुल्या गटातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती वेगळी आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचे असतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ सवलतीच्या दराने शैक्षणिक कर्ज देते, पण अनेक घरांना व्याजाचा व्यवहार नको असतो आणि ती भावना आदरणीय आहे. म्हणूनच समाजाची जबाबदारी वाढते. रमजानमध्ये आपल्या शहरातून किती जकात बाहेर जाते! उलेमांच्या मार्गदर्शनाने तिच्यातला एक हिस्सा मोहल्ल्यातल्या हक्कदार मुलांच्या फीसाठी एकत्र केला, तर दरवर्षी काही मुले गळण्यापासून वाचतील.

आठवी ते बारावी: घरासाठी वेळापत्रक

आठवीत: एनएमएमएस, सगळ्या कागदांवरील नाव जुळवणे, जातीच्या पुराव्याचा शोध.

नववीत: मुलाला प्रत्यक्ष कामे दाखवणे. ओळखीच्या रेल्वे कर्मचाऱ्याशी, वकिलाशी, नर्सशी, हिशेबनिसाशी अर्धा तास बसवावे.

दहावीत: गणित आणि विज्ञान कोणत्याही स्थितीत सोडू नये, कारण आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळीकडे तेच मोजले जाते. परीक्षेनंतर शब्दांची वही.

अकरावीत: जात पडताळणीचा अर्ज. आणि दिवाळीपर्यंत मूल खरोखर गुदमरत असेल, तर हट्ट न धरता शाखा बदलण्याचा विचार. अकरावीत वळणे स्वस्त पडते, बारावीनंतर महाग.

बारावीत: एका प्रवेश परीक्षेवर सगळे अवलंबून ठेवू नये, दुसरा पर्याय लिहून ठेवावा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्याकडून खंडणीऐवजी मदिनेच्या दहा-दहा मुलांना शिकवून घेतले. तालमीची किंमत शत्रूच्या सुटकेइतकी मोजणारी ही उम्मत आहे. तिच्या मुलांचा रस्ता लग्नाच्या मांडवात, पाच मिनिटांत ठरू नये.

या जूनमध्ये आपल्या घरात दहावी झालेले मूल असेल, तर एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवून त्याला समोर बसवा, तीन प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या. घरात आठवीचे मूल असेल, तर आपल्याकडे अजून दोन वर्षे आहेत. कागदांची पिशवी उद्याच उघडा. अल्लाहतआला आपल्या मुलांना फायदा देणारे इल्म आणि हलाल रोजी अता करो. आमीन.